तारेवरची नार

"अजून वर! अजून एक हात वर घे!" खालून सदाशिवराव वकील ओरडले.

खेमसिंग ऐनाच्या झाडावर, जमिनीपासून तीन पुरुष उंच, दोन फांद्यांच्या बेचक्यात बसला होता. मांडीवर पत्र्याची पेटी, पेटीत वकीलसाहेबांचा कॅमेरा आणि दातांत दोर. दातांत दोर असला की माणसाला उत्तर देता येत नाही, हे वकिलांच्या ध्यानात येत नव्हतं. कोर्टात प्रश्न टाकला की उत्तर मिळायचंच, अशी त्यांची सवय.

"ऐकू येतं का रे? वर!"

खेमसिंगने दोर दातांतून काढला. "वर कुठं घेऊ, साहेब? याच्या वर फांदी नाई. आता नुसतं आभायच हाय."

वकील हसले. "बरं, मग तिथंच आवळ. पण हलता कामा नये."

"माह्या गाठीनं बांधलेली मचाण कधी हालली होती का?"

हे मात्र खरं होतं. सदाशिवराव यवतमाळचे नावाजलेले वकील. तरुणपणी त्यांना शिकारीचा नाद होता, आणि अडाण नदीच्या काठच्या रानात त्यांची मचाण बांधायला बोरी अरबजवळच्या लमाणांच्या तांड्यावरून खेमसिंगच येत असे. पुढे कशाने कोण जाणे, वकिलांचं मन बंदुकीवरून उडालं आणि कॅमेऱ्यावर बसलं. नाद बदलला, पण झाडावर चढणारा माणूस तोच राहिला. पहिल्या वर्षी त्यांनी कॅमेरा बुंध्याला गुडघाभर उंचीवर बांधायला लावला. अस्वलाने तो दोन दिवसांत खेळण्यासारखा खिळखिळा केला. तेव्हापासून कॅमेरा झाडावर गेला, आणि दरवर्षी थोडा थोडा वरच चढत गेला. "वरून पाहिलं की वाघाच्या पाठीवरचे पट्टे कसे उतरतात ते कळतं," असं वकील म्हणायचे. खेमसिंगने ते पट्टे जन्मभर वरूनच पाहिले होते, त्यामुळे त्याला त्यात नवल वाटत नसे.

रचना साधी होती. नाल्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर नडगीच्या उंचीवर एक बारीक काळी तार आडवी ताणायची. तिथून ती झाडाच्या बुंध्याने वर पेटीत न्यायची. जनावराचा पाय तारेला लागला की वर बल्ब भक्कन पेटायचा आणि आतल्या काचेवर फोटो उमटायचा. काच एक, बल्ब एक, फोटो एक. मग कोणीतरी पुन्हा वर चढून सगळं बदलायचं. ते कोणीतरी म्हणजे खेमसिंग. वकील दर रविवारी यायचे, काच काळ्या फडक्यात गुंडाळून यवतमाळला न्यायचे, घरच्या मोरीत अंधार करून ती धुवायचे आणि काय आलं ते पुढच्या रविवारी सांगायचे.

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठावन्न सालच्या फाल्गुनातली. खेमसिंग तेव्हा पंचेचाळिशीचा असेल. तांड्यात त्याला तशी किंमत नव्हती. तो ना नाईक, ना कारभारी. पंचायत बसली की तो कडेला चिलीम भरत बसे आणि त्याचं मत कोणी विचारत नसे. पण या कॅमेऱ्याने त्याला दिवस आले होते. माणसं वाटेत थांबवून विचारू लागली, "काय खेमसिंग, काय आलं फोटूत?" आणि आजवर कोणी काही विचारलं नाही अशा माणसाला विचारलं, की त्याची छाती फुगणारच.

फुगलेल्या छातीत भीतीही असते. त्या वर्षी तारेवर आधी एका म्हशीने पाय दिला, मग एका लाकूडतोड्याने. वकील चिडले. "पुन्हा माणूस तारेवर आला तर मी हे सगळं उचलून पुसदकडच्या रानात नेतो. तिकडे माणसं तरी कमी आहेत." खेमसिंग त्याच संध्याकाळी तांड्याचे नाईक फुलसिंग यांच्याकडे गेला, पाया पडला, आणि साहेबांचं काम होईपर्यंत नाल्याच्या वाटेने कोणी जायचं नाही असं त्यांच्याकडून सगळ्यांदेखत वदवून घेतलं.

घरी येऊन बायकोलाही बजावलं. घरातली बोली गोरमाटी. इथे वऱ्हाडीत उतरवली आहे, एवढंच.

"मानी, तू तं बिलकुल जाऊ नको तिकडं. दुसरं कोनी गेलं तं मी भांडन. पण माह्या घरातलं मानूस गेलं तं माहं नाक कापलं जाते."

मानीबाई चुलीपुढे बसली होती. "अन् मोहफूल पडलं म्हंजे? तुमच्या साहेबाले इचारून येचू काय?"

"हसू नको. काम जाईन माहं."

"नाई जात, जमनीचे बा. नाई जात," ती म्हणाली. जमनी ही त्यांची एकुलती एक मुलगी, पुसदकडच्या तांड्यात दिलेली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी मानीबाईने नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं.

चैत्र लागला, मोहफुलं पडू लागली. एका सकाळी खेमसिंग ऐनाखाली गेला तर तार तुटलेली. वर चढून पाहिलं, तर बल्ब जळालेला. तो घाईघाईने खाली उतरला आणि माग बघायला वाटेवर वाकला. ओल्या मातीवरच्या खुरावरून सांबर लंगडतं की नाही सांगणारा हा माणूस, आणि त्या वाटेवर त्याला काहीच दिसेना. पंजा नाही, खूर नाही, पाऊल नाही. आदल्या दिवशीची त्याची स्वतःची पावलंसुद्धा नाहीत. धूळ कशी स्वच्छ! तो बराच वेळ तिथे उकिडवा बसून राहिला. त्याच्या उभ्या आयुष्यात असं झालं नव्हतं.

रविवारी वकील काच घेऊन गेले, आणि पुढच्या रविवारी आले ते हसतच.

"अरे खेमसिंग, तुझ्या तारेवर त्या दिवशी नार आली होती, नार!"

"नार?" खेमसिंगचे डोळे मोठे झाले.

"मग! समोरून आली, थेट तोंडावर उजेड. दचकली असेल बिचारी!" वकिलांनी मांडीवर थाप मारली. "पण आपल्याला काय कामाची? जाऊ दे, एवढ्या वेळी सोडलं. लाव, पुन्हा तार लाव."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. वकिलांच्या मराठीत नार म्हणजे बाई, तीही जरा थट्टेत म्हटलेली. आणि खेमसिंगच्या गोरमाटी बोलीत नार म्हणजे वाघ. बोरीच्या बाजारात बाईला सगळे बाईच म्हणत. नार असं म्हणताना त्याने कधी कोणाला ऐकलं नव्हतं. त्यामुळे साहेब आज आपल्याशी आपल्या बोलीतला शब्द बोलले, याचंच त्याला कौतुक वाटलं. 'आली' म्हणाले, म्हणजे वाघीण. कामाची नाही म्हणाले, कारण तोंड समोरून आलं आणि साहेबांना तर पाठ हवी. सगळं चोख जुळलं. एकच गोष्ट जुळत नव्हती, ती म्हणजे माग.

पण जे जुळत नाही त्याची गोष्ट होते. पाऊल न उमटवता जाणारी वाघीण खेमसिंगने आधी घरात सांगितली, मग तांड्यात, मग बाजारात. फुलसिंग नाईक म्हणाले, "ते साधी नार नाई. ते देवीची हाय." झालं! आठ दिवसांत कोणीतरी ऐनाखाली एक धोंडा ठेवून त्याला शेंदूर फासला. बायका दिवसाउजेडी, तारेला न शिवता, नारळ वाहून येऊ लागल्या. एक दिवस मानीबाईसुद्धा गेली आणि धोंड्यापुढे डोकं टेकून आली. परत आली तेव्हा तिचे ओठ दाबलेले होते.

"कायले हासून राह्यली?" खेमसिंगने विचारलं.

"काई नाई," ती म्हणाली, आणि पाण्याला निघून गेली.

त्यानंतर दोन हंगाम गेले. तारेवर बिबट आला, अस्वल आलं, एकदा वाघाची नुसती शेपूट आली. काम टिकलं. आणि मग साठ सालच्या भादव्यात मानीबाईला कावीळ झाली. पहिले आठ दिवस झाडपाल्यात गेले. नंतर बैलगाडीत घालून दारव्ह्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळे पाहिले, पोट पाहिलं, आणि खेमसिंगला बाहेर बोलावून खांद्यावर हात ठेवला. तिसऱ्या दिवशी ती गेली. जमनी आली, रडली, दिवस करून सासरी परत गेली.

खेमसिंग रडला नाही. त्याला वाटलं, रडू नंतर येईल. पण नंतर आलं ते वेगळंच. मानीचा आवाज त्याला आठवे. भाकर थापताना चुड्यांचा होणारा खडखडाट आठवे. भेगाळलेल्या टाचा तर समोर दिसत. चेहरा मात्र येईना. डोळे आठवायला जावं तर ओठ निसटत, ओठ धरावेत तर कपाळ पुसून जाई. सत्तावीस वर्षं जे तोंड रोज पाहिलं ते असं दोन महिन्यांत हातातून जावं, याचीच त्याला जास्त दहशत बसली. मेलेल्या माणसाचं तोंड विसरणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा मारणं, असं त्याला वाटे. हे कोणाला सांगायची सोय नव्हती.

दिवाळी आली. दिवाळीला तांड्यात घरोघर धबुकार देतात. चुलीतल्या विस्तवावर गूळ, तूप आणि भात टाकून घरातल्या गेलेल्या माणसांना नावाने हाक मारायची, म्हणजे ती येऊन जेवतात. खेमसिंगने बापाचं नाव घेतलं, आईचं घेतलं. मानीचं नाव घेतलं आणि त्याचा हात तिथेच थांबला. तूप बोटांवरून ओघळून राखेत पडलं.

त्याची चुलत भावजय लालीबाई शेजारी बसली होती. मानीची ती जिवाभावाची मैत्रीण. "काय झालं, भाऊजी?"

"भोजाई, नाव येते तोंडात. पन तिचं तोंड येत नाई डोयापुढं." आणि इतक्या दिवसांचं रडू त्याला तिथे, चुलीसमोर, लहान मुलासारखं फुटलं. "एक फोटू असता तं! वकीलसाहेबाच्या घरी त्यायच्या मेलेल्या मायचा फोटू हाय भिताडावर. मी जन्म घातला झाडावर कॅमेरे बांधून. रानातल्या अस्वलाचा फोटू हाय, अन् माह्या बायकोचा नाई!"

लालीबाईने विस्तवातलं एक लाकूड मागे ओढलं आणि हळूच म्हणाली, "तिचा फोटू हाय."

खेमसिंगने मान वर केली.

"तिनं मले आपल्या देवाची, सेवाभायाची आन घातली होती. पन आता ते आन कोनाले लागते? भाऊजी, त्या चैतात तुमची तार तुटली ना, ते मानीनं तोडली. मी होती तिच्यासंग. नाल्यापाशी मोह लय पडे. पाहाटं आमी दोघी गेलतो. ते पुढं होती. वर खट् वाजलं, तिनं मान वर केली, अन् एकदम ईज पडल्यावानी उजेड झाला. मी वरडली. ते नाई वरडली. उभीच राह्यली वर पाहत, अन् मले म्हने, 'लाली, फोटू निंगला वाटते माहा.' अन् हासली. मंग ध्यानात आलं तिच्या. म्हने, 'आता जमनीच्या बाचं काम जाते.' पयसाची फांदी तोडली अन् सारी वाट झाडत झाडत मांगं आली."

"मले काहून नाई सांगतलं?"

"सांगनार होती. तुम्ही त्या नारीची गोष्ट सांगत फिराले लागले. मंग तिथं देव बसला. ते म्हने, 'आता देवीले खोटं कसं पाडू?'"

खेमसिंगला राग आला नाही. एकच वाक्य त्याच्या कानात घुमत होतं. उभीच राह्यली, वर पाहत. म्हणजे तोंड वर होतं. म्हणजे ते तोंड, हसतं, यवतमाळला, साहेबांच्या कपाटात आहे.

दिवाळी सरताच तो मोटारीने यवतमाळला निघाला. वाटेत त्याने पुष्कळ विचार केला. तार मानीने तोडली असेल तर साहेबांनी नार कुठून आणली? शेवटी त्याने ठरवलं, तिच्या फेटियाच्या, म्हणजे घागऱ्याच्या, घेरावर लाल-पिवळे पट्टे होते, साहेबांना ते वाघाचे वाटले असतील. चष्मा लावतात, होतं असं. या विचाराने त्याला मोटारीत हसूसुद्धा आलं.

वकील ओसरीवर कागद चाळत बसले होते. खेमसिंग पायरीवर बसला. त्यांच्या पत्नी कुंदाताईंनी त्याच्यासाठी चहा पाठवला.

"बरं झालं आलास. या वर्षी आपण नदीच्या पलीकडे लावू."

"लावू, साहेब. पन आज मी दुसऱ्या कामासाठी आलो. दोन वर्षामांगं तुम्ही मले म्हटलं होतं, तारेवर नार आली होती म्हनून. तो फोटू मले पाह्यचा हाय."

"नार?" वकिलांना आठवेना. मग एकदम आठवलं. "हां, ती! मोह वेचणारी! अरे, टोपली घेऊन आलेली बाई होती ती."

"बाई? मंग तुम्ही नार काहून म्हटलं?"

"नार म्हणजे बाईच की रे."

"आमच्यात नार म्हंजे वाघ," खेमसिंग म्हणाला.

वकील खो खो हसले. "अगं ऐकलंस का?" त्यांनी आत हाक मारली. "दोन वर्षं हा त्या बाईला वाघ समजून..." आणि खेमसिंगच्या चेहऱ्याकडे नजर गेली तसे ते थांबले.

"ते माही बायको होती, साहेब. मानी. भादव्यात गेली."

कुंदाताई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"कागदावर काढला नसन तं काच द्या," खेमसिंग म्हणाला. "नुसती पाहतो. तुमच्यापुढंच पाहतो अन् वापस देतो. दुसरा फोटू नाई तिचा."

वकील उठले. त्यांनी कपाट उघडलं, खोके काढले. बिबट निघाला, अस्वल निघालं, ती वाघाची शेपूट निघाली. तिसऱ्या खोक्यानंतर त्यांचे हात सावकाश चालू लागले. "माणसं आलेल्या काचा मी बाद म्हणून वेगळ्या ठेवत होतो," ते पुटपुटले. "त्या कुठे गेल्या?"

"त्या बाद काचा?" कुंदाताईंचा आवाज अगदी बारीक झाला. "त्या मी सोड्याच्या गरम पाण्यात धुतल्या. तुम्हीच म्हणालात, लागतील तर घे. देवांच्या तसबिरींना बसवल्या." आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. "मला काय ठाऊक रे बाबा!"

खेमसिंगने आतल्या भिंतीकडे पाहिलं. राम होता, दत्त होता, बालाजी होता, अन्नपूर्णा होती. चारही काचा लख्ख. त्यातल्या एकीवर मानी हसली होती. कोणत्या काचेवर, ते सांगायला आता माग नव्हता. तो दारापर्यंत गेला, चारही तसबिरींकडे एकेक करून पाहिलं, आणि परत येऊन पायरीवर बसला.

"काच गेली तं जाऊ द्या, साहेब," तो म्हणाला. "पन तुम्ही तं पाह्यलं ना? या जगात तिचा फोटू तुम्ही एकट्यानंच पाह्यला. कशी दिसत होती, तेवढं सांगा."

वकिलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"छान दिसत होती," ते म्हणाले.

"तोंड दिसे?"

"तोंड? दिसत होतं ना. समोरूनच होतं. डोक्यावर ओढणी होती. हातभर पांढरे चुडे. आणि नाकात ते तुमच्या बायका घालतात ना, मोठं कडं, भुरिया. ती उजेडात अशी चमकली होती की बस!"

खेमसिंग त्यांच्याकडे पाहत राहिला. मानीची भुरिया अकरा वर्षांपूर्वी बैलाच्या शिंगात अडकली होती आणि नाकपुडी फाटली होती. त्यानंतर तिने नाकात कधी काही घातलं नाही. परका माणूस समोर आला की ती ओढणीचं टोक नाकावर धरायची. साहेबांनी तिला पाहिलंच नव्हतं. वाघ नाही म्हटल्यावर त्यांनी ती काच बाजूला ठेवली असणार, आणि आता ते यवतमाळच्या बाजारात दिसणाऱ्या कोणत्याही लमाण बाईला त्याच्यापुढे उभं करत होते. हे त्याला तिथल्या तिथे कळलं. बोलून दाखवायचं त्याच्या ओठावर आलंही. पण वकील खुर्चीत पुढे वाकून बसले होते, त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला होता, आणि दारात कुंदाताई डोळे पुसत होत्या.

"हासत होती का?" खेमसिंगने विचारलं.

"हो, हो," वकील घाईने म्हणाले. "हसत होती. अगदी हसत होती."

खेमसिंगने मान हलवली. "हासतच राहे ते," तो म्हणाला.

बाहेर ऊन उतरलं होतं. दारव्ह्याच्या मोटारीची वेळ झाल्याचं कुंदाताईंनी त्याला सांगितलं. तो उठला नाही. पायरीवर जरा पुढे सरकून बसला, दोन्ही हात गुडघ्यांभोवती घेतले, आणि म्हणाला, "आनखी सांगा, साहेब."